खंडेनवमीच्या पाटावर टॉमी गन

आश्विन शुद्ध नवमीस आपल्याकडे खंडेनवमी म्हणतात. खंडा म्हणजे सरळ, रुंद पात्याची तलवार. ती आज किती घरांत उरली आहे हे सांगणे नलगे. पण पूजा मात्र चुकलेली नाही. शेतकऱ्याच्या घरी कोयता, विळा आणि नांगराचा फाळ पाटावर येतो, सुताराच्या घरी रंधा व पटाशी येते, गृहिणी आपली विळी घासूनपुसून ठेवते, आणि कारखान्यातील यंत्राला झेंडूची माळ पडते. ज्यावर आपले पोट अवलंबून आहे आणि ज्याने आपले रक्षण झाले, त्यापुढे वर्षातून एकदा हात जोडावेत, इतका साधा भाव त्यामागे आहे. बेळगावच्या मराठा पलटणीच्या केंद्रात काय किंवा एखाद्या खेड्यातील जुन्या वाड्यात काय, शस्त्राला गंध-अक्षता लावणारा हात एकाच भावनेने पुढे होतो.

परंतु पाटावर ठेवलेले शस्त्र खरे नसून प्रतिकृती असेल तर? आणि ती प्रतिकृती नुसती शोभेची नसून तिच्यातून खरी गोळी सुटत असेल तर? असा एक पाट आम्ही पाहिला. तो महाराष्ट्रात नव्हता. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, एका मराठी गृहस्थाच्या घरी होता. त्या पाटावर विळी होती, घरधन्याचा संगणक होता, सुनेचे शिवणयंत्र होते, 'इटली स्टार' हे महायुद्धातील पदक होते आणि या सर्वांच्या मागे, लाल कापडावर आडवी, अक्रोडी रंगाच्या दस्त्याची टॉमी गन होती.

टॉमी गन हे नाव आपल्या वाचकांपैकी जुन्या मंडळींना अनोळखी नाही. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या मराठा जवानांच्या तोंडी ते सर्रास असे. तिचे मूळ नाव थॉम्सन. जॉन टी. थॉम्सन या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने १९१६ साली 'ऑटो-ऑर्डनन्स' ही कंपनी स्थापन करून हिचा ध्यास घेतला. खंदकांच्या युद्धात एका सैनिकाच्या हाती संपूर्ण खंदक झाडून काढील असे हत्यार द्यावे, ही त्यांची कल्पना. पण ते हत्यार सिद्ध होईपर्यंत पहिले महायुद्ध संपले आणि १९२१ पासून बाजारात आलेल्या या बंदुकीला पुरेसे सैनिक गिऱ्हाईक मिळेना. मिळाले ते भलतेच. १९२९ साली शिकागोत एका मोटारखान्यात भिंतीशी उभे करून सात जणांना ठार करण्यात आले, त्यात दोन टॉमी गन वापरल्या गेल्या. सैनिकासाठी घडवलेले शस्त्र दरोडेखोरांच्या नावाशी जोडले गेले याचा सल थॉम्सन यांना अखेरपर्यंत होता. १९४० च्या जूनमध्ये ते वारले. त्यानंतर या बंदुकीचे नशीब फिरले. युद्धकाळात ती पंधरा लाखांहून अधिक संख्येने तयार झाली, जहाजे भरभरून ब्रिटनला गेली, आणि ब्रिटिशांच्या मार्फत हिंदी पलटणींच्या हाती आली.

येथे आपला संबंध येतो, आणि तो लहानसहान नाही.

१० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनमधील नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. घाडगे सोडून तुकडीतले सारे मेले वा जायबंदी झाले. माणगाव तालुक्यातला हा बावीस वर्षांचा जवान एकटा पुढे धावला. हातबॉम्ब टाकून त्याने मशीनगन बंद पाडली, मग आपल्या टॉमी गनने तेथील एका शत्रूस टिपले. गोळ्यांची पेटी संपली. दुसरी चढविण्यास वेळ नव्हता. तेव्हा त्याने बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याच्या घावांनी संपविले. ते ठाणे एकट्याने जिंकून त्याच ठाण्यात, दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी, तो पडला. व्हिक्टोरिया क्रॉस त्याला मरणोत्तर मिळाला. इटलीतील मोंतोने या गावी २०२३ साली त्याच्या स्मरणार्थ एक सूर्यघटिका उभारली गेली. दूरदेशीच्या एका कोकणी पोराची आठवण त्या गावाने ऐंशी वर्षे होत आली तरी ठेवली, हे वाचून आमचे मन भरून आले.

दुसरे नाव नामदेव जाधव यांचे. अहमदनगर जिल्ह्यातील हा शिपाई ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी आपल्या कंपनीचा निरोप्या होता. नदीचे उंच बांध, खोल पाणी, वाटेत सुरुंग पेरलेले. त्याने दोन जखमी सोबत्यांना एकेक करून पाठीवर घेऊन त्या पाण्यातून, त्या बांधावरून अलीकडे आणले. तेवढ्यावर कोणीही थांबला असता. नामदेव परत गेला. टॉमी गनने त्याने शत्रूच्या मशीनगनचे ठाणे गाठले. हाताला गोळी लागून बंदूक चालविणे अशक्य झाले तेव्हा ती टाकून हातबॉम्ब घेतले, आणि शेवटी बांधाच्या माथ्यावर उभा राहून शिवरायांच्या नावाची रणगर्जना करीत मागच्या कंपन्यांना पुढे बोलाविले. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो मात्र जिवंत परतला आणि १९८४ साली वारला.

या दोन्ही हकिकतींत एक गोष्ट समान आहे. दोघांच्याही हातून बंदूक ऐन वेळी निकामी झाली आणि पुढचे काम माणसाने केले.

आता त्या पेनसिल्व्हेनियातील गृहस्थांकडे वळू. त्यांचे आजोबा सातारा जिल्ह्यातील. मराठा पलटणीतून इटलीत गेले आणि सुखरूप परत आले. युद्धाविषयी ते बोलत नसत. तिकडची थंडी, चिखल आणि द्राक्षांचे मळे एवढेच सांगत. पण त्यांच्या टॉमी गनचा नंबर त्यांना मरेपर्यंत पाठ होता. पलटण सोडताना बंदूक कोतात जमा केली, नंबर सांगितला, अंगठा उठविला आणि रिकाम्या हाताने गावी आलो, असे ते म्हणत. खंडेनवमीला ते पाटावर कोयता ठेवीत आणि शेजारी ते पदक.

नातू शिकला, अमेरिकेत गेला, तिकडचा नागरिक झाला. पेनसिल्व्हेनियातील रेडिंग येथे एका विमान-संग्रहालयात दरवर्षी जून महिन्यात महायुद्धाचा मेळा भरतो. जुनी विमाने उडतात, हौशी मंडळी त्या काळचे गणवेश घालून तंबू ठोकतात. तेथे एका तंबूत त्यांनी टॉमी गन प्रथम हातात घेतली. "आजोबांनी सांगितलेले वजन त्या दिवशी कळले," असे ते आम्हांला म्हणाले. पुढे वर्षभराने त्यांनी तिची प्रतिकृती विकत घेतली.

ही प्रतिकृती म्हणजे काय, हे थोडे समजावून सांगितले पाहिजे. नाहीतर वाचक एकतर तिला खेळणे समजतील किंवा खरी टॉमी गनच समजतील. ती दोन्ही नाही. मूळ टॉमी गन स्वयंचलित. घोडा दाबून धरला की पेटी संपेपर्यंत गोळ्या सुटत राहतात, मिनिटाला सहा-सातशे या वेगाने. अमेरिकेने १९३४ साली कायदा करून अशा बंदुकांची नोंदणी सक्तीची केली आणि प्रत्येक हस्तांतरावर दोनशे डॉलर कर बसविला. त्या काळी नव्या टॉमी गनची किंमतच जवळपास तेवढी होती. मग १९८६ च्या मे महिन्यात सामान्य नागरिकांसाठी नव्या स्वयंचलित बंदुकांची नोंदणीच बंद झाली. आधी नोंदलेल्या तेवढ्याच हातोहात फिरतात, आणि त्यांची किंमत वीस-तीस हजार डॉलरच्या वर गेली आहे. साहजिकच सामान्य संग्राहकाला उरते ती अर्धस्वयंचलित प्रतिकृती. घोडा एकदा दाबला की एकच गोळी. दुसऱ्या गोळीसाठी बोट सोडून पुन्हा दाबावे लागते. रिकामे काडतूस बाहेर फेकणे आणि पुढचे आत घेणे तेवढे आपोआप होते. अशी टॉमी गन १९७० च्या दशकापासून न्यूयॉर्क राज्यात बनू लागली, आणि १९९९ साली तो व्यवसाय दुसऱ्या कंपनीकडे गेल्यावरही बनत राहिली. किंमत दीड-दोन हजार डॉलरच्या घरात.

बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात, पण जाणकाराची नजर आधी नळीवर जाते. मूळ नळी साडेदहा इंचांची. रायफलीची नळी सोळा इंचांहून आखूड असेल तर तिलाही ते १९३४ चे नोंदणीचे नियम लागतात; म्हणून प्रतिकृतीची नळी साडेसोळा इंच ठेवतात. त्यामुळे तिचे तोंड थोडे लांबल्यासारखे वाटते. आतली योजना तर अगदीच निराळी. मूळ बंदुकीत खटका मागे ओढून ठेवलेला असतो आणि घोडा दाबला की तो पुढे झेपावून गोळी उडवतो. ही रचना सहज स्वयंचलित करता येते, म्हणून अमेरिकेच्या सरकारने १९८२ साली तशा धर्तीच्या नव्या अर्धस्वयंचलित बंदुकांना मशीनगनच ठरविले. प्रतिकृतीत खटका आधीच पुढे बसून नळीचे तोंड बंद करतो. घोडा दाबल्यावर आतली कीलक तेवढी पुढे जाते. याचा एक गमतीदार परिणाम आहे. चित्रपटांत दिसणारी ती पिंपासारखी गोल पेटी मूळ बंदुकीत खटका मागे असताना सहज सरकते. प्रतिकृतीत मात्र खटका एका हाताने मागे धरायचा, दुसऱ्याने बंदूक सांभाळायची आणि पेटी सरकवायची कशाने? "त्यासाठी अष्टभुजाच हवी," असे आमचे यजमान हसून म्हणाले. त्यांनी स्वतः लष्करी धर्तीची, सरळ पेटीची प्रतिकृती घेतली होती, कारण आजोबांच्या हातात तीच असणार. गोल पेट्या चालताना खुळखुळतात म्हणून ब्रिटिश सैन्याला त्या कधी रुचल्या नाहीत.

नवरात्रातील शनिवारी आम्ही त्यांच्यासमवेत गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर गेलो. आम्ही केवळ प्रेक्षक. पाहुणा म्हणून व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने तेथे बंदूक हाती घेणे, काही अपवाद सोडता, कायद्याला मान्य नाही. आणि यजमानांनी तो नियम आम्हांस मोटारीत बसण्यापूर्वीच सांगितला. हा काटेकोरपणा आम्हांला आवडला. झाडे पिवळी-तांबडी झाली होती. बंदूक कुलपाच्या पेटीतून निघाली. तिच्या पोटात पिवळ्या प्लॅस्टिकची पट्टी खोचलेली होती; ती दिसली की आत काडतूस नाही हे दुरून कळते. मैदानावर निरीक्षकाने हाक दिल्याखेरीज कोणी बंदुकीस स्पर्श करीत नाही, आणि कोणी लक्ष्याकडे गेला असता तर मुळीच नाही. डोळ्यांना चष्मा, कानांवर जाड गाद्या.

यजमानांनी पेटीत एकेक करून वीस काडतुसे भरली. दहाव्यानंतर अंगठा दुखू लागतो, असे ते म्हणाले. खटक्याची मूठ मागे ओढताना त्यांचा चेहरा आवळला. या प्रतिकृतींतील स्प्रिंगा ताठ असतात. पन्नास वार दूर लोखंडी ताटल्या टांगल्या होत्या. पहिला बार झाला. आम्ही अपेक्षिला होता तेवढा धक्का त्यांच्या खांद्याला बसलेला दिसला नाही. बंदूक पाच किलोंहून जड, आणि गोळी पिस्तुलाची. ती गोळी जाड, सुमारे पंधरा ग्रॅमची, आणि आवाजापेक्षा मंद जाणारी असते. बार ऐकू येतो आणि मग क्षणभराने ताटली टणत्कारते, देवळातल्या लहान घंटेसारखी. वीस गोळ्यांत चौदा ताटल्या वाजल्या. यजमानांनी बंदूक खाली ठेवली तेव्हा त्यांचे हात किंचित थरथरत होते. वजनाने, असे ते म्हणाले. मग काही वेळाने आपण होऊनच बोलले: "ही पाच किलो नळीकडून धरून फिरवायची. समोर माणूस. मी दरवेळी तोच विचार करतो."

यशवंत घाडग्यांची हकिकत त्यांना पाठ होती.

त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा बरोबर होता. त्याने ही बंदूक आधी संगणकाच्या खेळात पाहिलेली. खेळात ती हलकी असते आणि पेटी क्षणात बदलते. त्या दिवशी वडिलांच्या देखरेखीखाली त्याने पाच गोळ्या झाडल्या, दोन लागल्या, आणि सहावी नको म्हणाला. आम्हांला त्याचे हे नको म्हणणे चौदा ताटल्यांपेक्षा मोलाचे वाटले.

कारण या विषयाची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. अमेरिकेत शाळांतून, बाजारांतून, प्रार्थनामंदिरांतून माथेफिरूंनी निरपराधांवर गोळ्या चालविल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यांत अर्धस्वयंचलित बंदुका वारंवार असतात. म्हणूनच कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी अशा राज्यांनी त्यांच्यावर कडक निर्बंध घातले. पेनसिल्व्हेनियात ते तितके नाहीत. आपल्या देशात तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली अशी बंदूक निषिद्ध वर्गात पडते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकालाही दोनहून अधिक बंदुका ठेवता येत नाहीत. आमचे मत विचाराल तर आपला कायदा आम्हांला सुखाचा वाटतो. परंतु पाहुण्याने यजमानाच्या देशाचा कायदा त्याच्या ओसरीवर बसून तोलू नये, हेही खरे.

तोलणारे माणूस त्या घरात होते. यजमानांच्या मातोश्री. वय ऐंशीच्या पुढे, पायात दुखणे, पण नवरात्राचा अखंड दिवा त्याच सांभाळीत होत्या. बंदूक घरात आली त्या वर्षी मायलेकरांत जो अबोला झाला तो महिनाभर टिकल्याचे सूनबाईंनी हळूच सांगितले. म्हातारीचे म्हणणे एका वाक्याचे होते: "मामंजींनी जमा केली, ती तू विकत आणलीस." मुलाने सांगितले, ही ती नव्हे, ही नक्कल आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "नकलेला का एवढं कुलूप लागतं?"

आम्ही त्यांच्यापाशी बसलो. विराटपर्वातील शमीची गोष्ट निघाली. अज्ञातवासाला जाताना पांडवांनी शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवली आणि कोणी जवळ फिरकू नये म्हणून झाडाला एक प्रेत बांधले. दसऱ्याला आपण त्याच शमीची पूजा करतो. यजमान म्हणाले, अर्जुनाने ती परत काढलीच की. आजीबाई म्हणाल्या, "काढली, गाईंना सोडवायला काढली. आणि शेवटी काय केलं ते सांग." यजमान गप्प राहिले. शेवट आम्हांलाही ठाऊक होता. महाप्रस्थानाच्या वाटेवर अग्नी आडवा आला आणि त्याच्या सांगण्यावरून अर्जुनाने गांडीव व अक्षय भाते पाण्यात सोडले, वरुणाचे वरुणास परत केले. कोतात जमा केले म्हणा ना, असे आमच्या मनात आले; पण आम्ही ते बोललो नाही.

प्रतिकृतीची पूजा शास्त्रास मान्य आहे काय, असा प्रश्न यजमानांनी आम्हांला केला होता. आम्ही शास्त्री नव्हे. परंतु जो समाज मातीचा गणपती करून त्यात देव बोलावतो आणि दीड दिवसाने त्यालाच पाण्यात सोडतो, त्याला नकलेची अडचण कधी वाटलेली नाही. पूजा लोखंडाची नव्हे हे आपल्याला आजोळीच शिकवलेले असते. अडचण वेगळी आहे. मूळ शस्त्राच्या मागे एका माणसाचे भय, धाडस आणि पलटणीचा हुकूम होता. हे शस्त्र हौसेने आले. त्याच्या अंगावर कोणाच्या रक्षणाचे ऋण नाही. त्या पाटावर त्याला जागा मिळते ती आजोबांच्या पदकाच्या आधाराने. यजमानांना हे पटले की नाही, कळले नाही. ते एवढेच म्हणाले, की फोटोपुढे उभे राहून आजोबा दिसत नाहीत, मैदानावर दिसतात.

खंडेनवमीची सकाळ. पाटावर लाल कापड पसरले. बंदुकीची पेटी काढून वेगळ्या कुलपात ठेवलेली, खटका मागे ओढून अडकविलेला, आत ती पिवळी पट्टी. यजमानांनी निरांजन ओवाळले. मातोश्री खुर्चीवरून उठून आल्या. विळीला, शिवणयंत्राला आणि संगणकाला त्यांनी हळदकुंकू वाहिले, पदकाला फूल ठेवले. मग बंदुकीपाशी हात थांबला. सारे घर पाहत होते. त्यांनी कुंकवाचे बोट दस्त्याच्या लाकडाला टेकविले. "लाकडाला लावते. लोखंडाला तुझं तू लाव," असे म्हणून त्या मागे सरल्या. यजमानांनी नळीवर अक्षता टाकल्या.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सोने लुटायचे होते. तिकडे आपटा मिळत नाही. रेडबड नावाचे एक झाड मात्र तेथे रानोमाळ होते. वनस्पतिशास्त्राप्रमाणे ते आपट्याच्याच गोतातले, पान हृदयाच्या आकाराचे. मुलाने त्याची टोपलीभर पाने आणली होती. संध्याकाळी शेजारपाजारची मराठी मंडळी जमली तेव्हा बंदूक पोलादी कपाटात गेलेली होती. एका लहान मुलाने ती पाहायला मागितली. यजमानांनी त्याला जवळ बोलावले, त्याच्या हातावर रेडबडचे पान ठेवले आणि ते पदक पाहायला दिले. मुलाने ते उलटसुलट करून पाहिले. मग आजीबाईंनी ते परत मागून घेतले, पदरात पुसले आणि आपल्या पिशवीत ठेवले.